माणसाची नजर न लागलेली कथा

"नाना, पडद्याकडे बघू नका!" ऋजुता ओरडली. "कॅमेऱ्याला दुसरे डोळे दिसले की कथा बाद होते."

तिच्या प्रत्येक कथेचे पहिले वाचक असलेले तिचे वडील दारातच थबकले. "मग ही वाचणार कोण?"

"यंत्रं. त्यांना शिकवायला माणसांनी न वाचलेलंच लागतं. वर्षभर शोधून मानधन देणारं हे एकच गिऱ्हाईक मिळालंय. बाकीचे सगळे तुमच्यासारखे फुकटे. एवढी वर्षं दिवाळी अंक काढलात, लेखकांना कधी दमडी दिलीत?"

"अंकाची प्रत पाठवायचो."

"केवढे उपकार!"

"दमडी नाही दिली," नाना तुच्छतेनं म्हणाले, "पण आलेली प्रत्येक कथा शेवटपर्यंत वाचली. रद्दीच्या लायकीचीसुद्धा. तुझी कथा कशी झालीय, हे ते यंत्र सांगणार आहे का तुला?"

ऋजुताचं बोट 'पाठवा'वर थांबलं. नोकरी सोडल्यानंतरची ही तिची पहिली कमाई ठरणार होती. तिनं रागानंच पडदा नानांकडे वळवला. "घ्या, वाचा!"

नानांनी सावकाश चष्मा चढवला. पडद्यावर लाल दिवा लागला आणि कथा बाद झाली. पहिलं पान वाचून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"सुरुवात भिकार आहे," ते म्हणाले. "पुढचं पान काढ."