सहावा नमुना

मागायचं म्हटलं की या मुलाची जीभ टाळ्याला चिकटते, हे त्याच्या आईचं जुनं गाऱ्हाणं होतं. चाळिशी ओलांडली, पण मालकाकडे हक्काची रजा मागेल तर शपथ. शेजाऱ्याने नेलेली शिडी परत आणायलासुद्धा आईला पुढे करायचा.

शिल्पांचंही तेच. गावोगावी मोठी इमारत उभी राहिली की कलाकेंद्र जाहिरात काढायचं. अमुक ठिकाणी शिल्प बसवायचं आहे, कलाकारांनी नमुना आणून द्यावा. पाच वर्षांत त्याने पाच नमुने केले. निवड एकदाही झाली नाही. दुसरा असता तर त्याने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या, पोच मागितली असती, साहेबाला गाठून आपलं कुठे चुकलं ते विचारलं असतं. हा पेपरात दुसऱ्याचं नाव वाचायचा, पेपराची घडी घालायचा आणि दुकानात जाऊन दगडी पाट्यांवर लोकांची नावं कोरत बसायचा.

"निवड झाली तरच कळवणार, चौकशी करू नये, असं छापलंय," एकदा तो म्हणाला होता.

"छापलेलं सगळं पाळणारा जगात तू एकटाच," ती म्हणाली होती.

ती स्वतः दुसरीतूनच घरी बसलेली. पण ती जाहिरात तिला पाठ होती. पहिल्या वर्षी त्यानेच वाचून दाखवली होती. निवडलेल्या कलाकाराने दोन वर्षं कामाच्या जागी राहायचं. खोली मिळेल, एकट्यापुरती.

गल्लीत तिला पाठीमागे 'ठाणेदार' म्हणायचे. तिच्या मुलाच्या कामाला नाव ठेवायची मात्र कोणाची छाती नव्हती. समोरची एकदा म्हणाली, पाच वेळा झालं, आता पुरे करा म्हणावं त्याला. त्यावर तिने ऐकवलं की माझ्या लेकाच्या करंगळीत जे आहे ते त्या निवडणाऱ्यांच्या सात पिढ्यांत सापडायचं नाही. समोरचीने दोन महिने खिडकी उघडली नाही.

यंदाचं शिल्प नव्या रुग्णालयाच्या अंगणासाठी होतं. त्याने प्लॅस्टरमध्ये वीतभर बाक केला. बाकाच्या एका टोकाला बाई बसलेली, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, मान ताठ. दुसरं टोक रिकामं.

"नाक माझं नाही," ती म्हणाली.

"बसणं तुझं आहे."

"आणि शेजारी कोण?"

"कोणीही. थकून आलेलं माणूस बसेल."

ती चुलीकडे वळली आणि ज्या भांड्यावर झाकण होतं त्याचंच झाकण शोधत राहिली.

कलाकेंद्राची नमुने घ्यायची खिडकी पाचला बंद व्हायची आणि दुकान सातला. त्यामुळे नेहमीप्रमाणे नमुना घेऊन तीच निघाली. जुन्या चादरीत गुंडाळलेला, तान्ह्या पोरासारखा छातीशी धरलेला. वाटेत कोणी हात लावू म्हणालं तर तिने लावू दिला नाही.

कार्यालयाच्या व्हरांड्यात गर्दी होती. खांद्याला नळकांडी अडकवलेली मुलं, खोकी सांभाळणाऱ्या मुली. ती भिंतीजवळच्या बाकावर नमुना मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या मुलीने खोकं जमिनीवर ठेवलं, तेव्हा कामाला असं पायदळी ठेवतात का, म्हणून तिला दटावलं. मुलगी हसली आणि खोकं उचलून घेतलं. बोलता बोलता कळलं की तीन वर्षांपूर्वी तिची निवड झाली होती. तेव्हापासून ती तिकडेच राहत होती, डोंगरापलीकडे.

"घरी कोण आहे?"

"आई."

"एकटी?"

"फोन करते ना मी. रविवारी."

म्हातारीने मान डोलावली. तिची थोरली लेकही रविवारीच फोन करायची. इकडे सगळं छान आहे म्हणायची, तू कशी आहेस विचारायची, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत तिला कोणीतरी हाक मारायचं.

रांग हळूहळू सरली. पाचला खिडकीचं दार खाली आलं.

मुलगा आठला घरी आला. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"गर्दी होती," ती म्हणाली.

तो मान हलवून हात धुवायला गेला.

मग वाट पाहणं सुरू झालं. गारठा वाढला. तो तीन रात्री अंगाचं मुटकुळं करून झोपला, पण रजई काही मागितली नाही. शेवटी तिनेच मोठी पेटी उघडून काढून दिली. पोस्टमन दारावरून गेला की तो वर बघायचा आणि मग आपण बघितलंच नाही असं दाखवायचा.

दोन महिन्यांनी रविवारच्या पेपरात नाव आलं. दुसऱ्या कुणाचं. त्याने पेपराची घडी घातली.

"झालं," तो म्हणाला. "आता नाही करणार."

ती उठून आतल्या खोलीत गेली. दार लोटून तिने कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली, वरच्या रजया बाजूला केल्या. खाली सहाही नमुने ओळीने होते, जुन्या चादरींच्या तुकड्यांत, एकाचाही टवका न उडालेले. शेवटच्याचं फडकं तिने सोडलं. बाकाच्या रिकाम्या टोकावर बसलेली धूळ अंगठ्याने पुसली. फडकं पुन्हा बांधलं, रजया नीट घडी करून वर ठेवल्या, पेटीला कुलूप लावलं.

बाहेर येऊन तिने दोन ताटं मांडली आणि त्याच्यासमोर बसली, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून.

"तुझ्या कामात खोट नाही," ती म्हणाली. "चुकतं एवढंच, की तू विचारत नाहीस. कुणालाच."