वहीतलं पहिलं बदक

"ऐकलेला पक्षी वहीत जात नाही," सर म्हणाले. "दिसला का? दोघांना दिसला का? नाही ना? मग खोड."

तिनं खोडलं. कारखान्याच्या भिंतीपलीकडे धोबी पक्षी ओरडला होता, तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण सरांशी वाद घालून उपयोग नव्हता. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पक्षी दोघांनी पाहायचा, पानाखाली दोघांनी सही करायची. या हट्टापायी किती माणसं रुसली, किती गळाली. एकेकाळी शरदातल्या या फेरीला चाळीस जण यायचे. दिवसभर पायी चालत शहराला वळसा घालायचा आणि दिसेल तो पक्षी मोजायचा. आता दोघंच उरली होती. एक गुडघ्याला पट्टा बांधलेले निवृत्त विज्ञान शिक्षक, आणि दुसरी त्यांची जुनी विद्यार्थिनी, चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं घासणारी.

सकाळी सहाला पाण्याच्या टाकीपासून ती दोघं निघाली होती. पारवे शहाऐंशी. कावळे एकशे बारा. इस्पितळाच्या गच्चीवर एक घार. दुपारपर्यंत पायांचे तुकडे पडायची वेळ आली, आणि त्यातल्या एकाही पक्ष्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिचा जीव फेरीच्या शेवटच्या थांब्यावर टांगला होता, तळ्यावर.

उद्या सकाळी दहाला वही नगररचना कचेरीत द्यायची होती. सलग तीन वर्षं शरदाच्या फेरीत तलवार बदकं दिसली नाहीत, तर तळ्याचं संरक्षण उठणार होतं. मग तळं बुजवायचं आणि वर इमारती. दोन वर्षं वहीत शून्य पडलं होतं. हे तिसरं वर्ष.

तळं तिच्या घरामागेच होतं. आई गेली त्या हिवाळ्यात तिची झोप उडाली होती. तेव्हा रोज संध्याकाळी ती काठावर जाऊन उभी राहायची. लांब टोकदार शेपटीची ती बदकं माना पिसांत खुपसून पाण्यावर निवांत बसलेली असायची. त्यांना बघून घरी यायची आणि मग तिचाही डोळा लागायचा. कचेरीतल्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगणार?

पाचला ती दोघं पोहोचली. काठावर मातीनं भरलेले तीन डंपर आधीच उभे होते. निकालापर्यंत थांबायचाही त्यांना धीर नव्हता.

"ताई, एवढं काय डोळे फाडून बघताय?" एका ड्रायव्हरनं विचारलं. "पाणीच आहे ते. तेसुद्धा आजच्यापुरतं." आणि तो स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसला.

तिनं दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. लव्हाळ्याची काडी न् काडी तपासली. डोळ्यांत पाणी आलं की पुसायची, पुन्हा लावायची. एकदा काहीतरी हललं आणि तिच्या तोंडून हुंदकाच फुटला. प्लास्टिकची पिशवी होती.

अंधारायला लागलं. ती वही घेऊन मातीतच बसली. मागची पानं उलटत पहिल्या पानावर आली. एकतीस वर्षांपूर्वीचं पान. 'तलवार बदक – १'. सरांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर, खाली त्यांची सही, शेजारी बाईंची, म्हणजे सरांच्या पत्नीची. त्या एका बदकावर कचेरीनं तळं राखलं होतं. दुसऱ्या वर्षी सतरा आली, पाचव्या वर्षी दोनशे. पण बाई त्या पहिल्या फेरीनंतर पुन्हा कधी आल्या नाहीत. पाय दुखतात म्हणायच्या. आता त्यांना जाऊनही सहा वर्षं झाली होती.

"सर," ती म्हणाली, "एकच लिहू. पहिल्या वर्षीसारखं एकच. तुमच्या पाया पडते."

"दिसलं का?"

"नाही. पण कुणाला कळणार आहे?"

"आपल्याला कळेल."

"मग बसा तुमचा खरेपणा कवटाळून! बसा त्या इमारतीच्या गच्चीवर आणि मोजा पारवे!"

आजवर सरांपुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. आता सर उठून जातील असं तिला वाटलं, पण ते गुडघा धरून तिच्याशेजारी मातीत बसले.

तिनं पेन उचललं. एक लिहायचा म्हणून टेकवलं. पण हात पुढे सरकेना. मेल्या या हातालाही सरांनीच वळण लावलेलं. तिनं शून्य काढलं. खाली सही करताना अक्षरांवर पाणी ठिबकलं, तिनं बाहीनं टिपलं आणि वही त्यांच्यापुढे केली.

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ ते शून्य न्याहाळलं. मग तिच्याकडे पाहिलं, अगदी वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीकडे पाहावं तसं. त्यांनी वही मांडीवर घेतली, शून्यावर काट मारली आणि शेजारी उजवीकडे झुकलेला एक आकडा काढला. एक. खाली सही केली.

"सर!" ती दचकली. "पण तळं रिकामं आहे."

"हो," सर म्हणाले. "पहिल्या वर्षीही रिकामंच होतं."