ओळीमागची रिकामी जागा

स्पीकर अपडेट झाल्यापासून मुकुंदराव न थांबता बोलायला लागले. वारल्यावरही ते रोज चहाच्या वेळी स्पीकरमधून बायकोशी, विभावरीबाईंशी, बोलत. आधी ते प्रत्येक वाक्यानंतर थांबत, बाई "हं" म्हणत, मगच पुढे जात.

मुकुंदरावांचा आवाज स्पीकरमध्ये घालून देणाऱ्या कंपनीत बाईंनी फोन लावला.

"काकू, काकांच्या बोलण्याच्या कोडमध्ये ओळींच्या शेवटी नुसत्या रिकाम्या स्पेस होत्या, त्या साफ केल्या," तिथली मुलगी म्हणाली. "कोड ज्यांच्याशी ताडून बघतो त्या टेस्टच्या फाइलींमधूनही काढल्या, त्यामुळे एकही चूक दाखवत नाही. काकांचा एक शब्दही गेलेला नाही."

"अगं, पण त्या जागेत मी बोलायचे!"

फोन ठेवून बाई स्पीकरपाशी बसल्या. मुकुंदराव भाजीवरून शेजाऱ्यांवर, शेजाऱ्यांवरून गुडघेदुखीवर एका दमात गेले आणि स्पीकर बंद झाला.

मग बाई म्हणाल्या, "हं."