बाबांची रेघ

ती आकड्यांची चित्रं, म्हणजे आलेख, करणारी. रडायची तिची रीतही तीच. बाबा गेल्यावर दवाखान्यातून आणलेल्या कागदी पट्टीवरचा त्यांच्या शेवटच्या तासाचा हृदयाचा एकेक ठोका तिने संगणकावर उतरवला आणि सरळ रेघेपाशी चित्र संपवलं.

सकाळी फाइल उघडली, तर रेघ बोटभर पुढे सरकली होती.

तिने जादा तुकडा खोडला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, आणि आता त्यात बारीक उंचवटे होते. तिसऱ्या दिवशी तिने खोडायचं सोडून चित्राची चौकटच रुंद केली.

"वेड लागलंय तुला," दादा म्हणाला. "गेलेल्या माणसाला जाऊ द्यावं. पुसून टाक ते."

"त्यांनाच जायचं नाहीये, तर मी कोण हाकलणारी?"

"मग मीच पुसतो." त्याने तिच्या हातातला माउस हिसकावून घेतला.

दोघांच्या डोळ्यांदेखत रेघ ताडकन उसळली. उंच, टोकदार, एकामागून एक.

पट्टीवर असे ठोके एकाच जागी होते. दादाने बाबांच्या उशाशी उभं राहून श्वासाचं यंत्र बंद करायच्या कागदावर सही केली, त्या मिनिटाचे.

"ठेव तो माउस," ती शांतपणे म्हणाली. "त्यांनी तुला ओळखलंय."