बिनकुलपाची रांग

सिस्टर खोटं बोलतेय, हे त्याने तिसऱ्यांदा सांगितलं आणि टेबलावर हात आपटला. चौकशी करणाऱ्या बाईंच्या पेल्यातलं पाणी हिंदकळलं. शेजारी बसलेल्या ताईने त्याची बाही ओढली, तर त्याने तिचाही हात झटकला.

त्याचं तरी काय चुकत होतं? आई जाऊन अठरा दिवस झाले होते. ती नऊ नंबरच्या खाटेवर होती. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिने उशाशी असलेलं बटण दाबलं, आणि कोणी म्हणजे कोणी आलं नाही. बटणाच्या नोंदीत नऊ नंबर स्वच्छ दिसत होता. सिस्टरचं मात्र एकच पालुपद चाललं होतं. भिंतीवरच्या दिव्यांच्या पाटीवर चार नंबर उमटला, म्हणून मी चार नंबरकडे धावले. तिथले आजोबा गाढ झोपलेले होते. मी परत येईपर्यंत पाटी कोरी झाली होती.

पाटीवर काय उमटलं याची नोंद कुठेच राहत नव्हती. म्हणजे बरंच की! माणसाने आपलं पाप यंत्रावर ढकलायचं आणि मोकळं व्हायचं. सिस्टरचे डोळे रडून सुजले होते, पण ते सोंगच असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पंधरा वर्षं तो असली सॉफ्टवेअरं लिहून पोट भरत होता. यंत्र खोटं बोलत नाही, एवढं त्याला पुरेपूर माहीत होतं. सिस्टरचं पितळ उघडं पाडायचं म्हणूनच त्याने हट्ट धरून पाटी बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरला बोलावून घेतलं होतं.

ती आली. लॅपटॉप छातीशी धरून दारातच जरा घुटमळली. सर, तुमचं वाचूनच आम्ही हे काम शिकलो, असं काहीतरी पुटपुटली. मस्का लावायची ही वेळ आहे का, असं म्हणून त्याने तिला तिथेच तोडलं आणि कोड दाखवायला सांगितला. तिने फाइल उघडली ती थेट मधोमध.

तो वाचू लागला. कोडमधली मूळ नावं काढून कंपनीने आपल्या ठरलेल्या पद्धतीची लांबलचक नावं सगळीकडे चिकटवली होती, त्यानेच त्याचं डोकं फिरलं. पण दहाएक मिनिटांनी त्याचं बोट पडद्यावर थांबलं. तीच ओळ त्याने पुन्हा वाचली. कानशिलं तापली.

"काय झालं?" ताईने विचारलं.

त्याने बाईंना समजावून सांगितलं. हा कोड म्हणजे खोक्यांची एक गोल रांग आहे असं समजा. बटण दाबलं की पुढच्या खोक्यात खाटेचा नंबर पडतो आणि मग घंटा वाजते. घंटा ऐकून पाटी खोकं उघडते. खोक्यांना कुलूप नाही, कोणी कोणासाठी खोळंबत नाही, म्हणून काम झटपट होतं. पण मग नंबर पडल्याशिवाय घंटा ऐकू जाता कामा नये, अशी सक्त ताकीद प्रोसेसरला लिहून द्यावी लागते. इथे ती दिलेलीच नव्हती. प्रोसेसर आपल्या सोयीने कधीतरी घंटा आधी वाजवतो. पाटीने खोकं उघडलं तेव्हा आईचा नंबर त्यात पोचलाच नव्हता. आत मागच्या फेरीचा नंबर पडून होता.

मग तो सिस्टरकडे वळला. तिच्या डोळ्याला डोळा भिडवायची त्याला लाज वाटली.

"तुम्हाला चारच दिसला होता," तो म्हणाला.

सिस्टरने पदराने तोंड झाकलं आणि ती हुंदके देऊ लागली. ताईने उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

आता त्याचा राग मोकाट सुटला. हे ज्याने लिहिलं त्याने अक्कल गहाण टाकली होती का? नक्की कोणीतरी कोवळं पोरगं असणार, आपण काहीतरी भारी करतोय या तोऱ्यात! इंजिनियर खालच्या आवाजात सांगत राहिली. कोडचा हा तुकडा आम्ही तयार उचलला होता, असा फुकट मिळतो, पुष्कळ जण वापरतात. मोठ्या जुन्या संगणकांवर तो बिनचूक चालतो, कारण ते क्रम मोडत नाहीत. पाटीतला छोटा प्रोसेसर वेगळा निघाला, आणि ते आम्ही तपासलं नाही. तक्रार कंपनीवर करा, असं ती परत परत म्हणाली.

"कंपनीवर करणारच आहे. पण ज्याने हे लिहिलं त्याचं नाव मला हवंय."

"नाव घेऊन काय होणार, सर?"

"माझी आई गेलीय. त्या माणसाला कळू दे, त्याने काय केलं ते."

इंजिनियरने मदतीच्या आशेने ताईकडे पाहिलं. अठरा दिवस सगळ्यांना शांत करत फिरणारी ताई, पण तीही आता भडकली होती.

"सांगून टाका नाव," ताई म्हणाली. "असल्या माणसाला पाठीशी घालू नका."

बाईंनी तक्रारीचा छापील कागद पुढे ओढला. वरच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आईशी नातं लिहिलं. पेन खालच्या रकान्यावर आणून त्या थांबल्या.

इंजिनियरने फाइल सरकवत सरकवत अगदी पहिल्या ओळीपर्यंत नेली आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

त्याने ती ओळ वाचली. मग त्याने सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, नाव आणि आडनाव सांगितलं.

"ते वर लिहून झालंय," बाई म्हणाल्या. "ज्याने चूक केली त्याचं सांगा."