लांबलेला पाढा

"बे चोक आठ," एवढं म्हणून शाल्मली थांबली.

दम्याच्या पोरीला "धाप लागलीय का?" असं विचारण्यात अर्थ नसतो, हे आबांना केव्हाच कळलं होतं. खेळणं बंद होईल या धास्तीनं सात वर्षांची ही नात छातीचा भाता झाला तरी "नाही" म्हणायची. म्हणून या निवृत्त गणितमास्तरांनी स्वतःचंच माप काढलं: एका श्वासात बेचा पाढा. विसापर्यंत पोचली तर अंगण, दहाच्या आत अडकली तर दवाखाना. निरोप समारंभातल्या शालीपेक्षा त्यांना या शोधाचा जास्त अभिमान होता.

"पुढचं विसरलीस का गं?"

"नाही. आज पाढाच... लांब झालाय."

आबांनी तिला पंप दिला, रिक्षात घातलं आणि दवाखान्याचे दोन जिने तिला कडेवर घेऊन न थांबता चढले.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला. यंत्र घरघरू लागलं. मास्तरांचं माप त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वळून विचारलं, "आज कुठपर्यंत गेली?"

आबा भिंतीला टेकले होते. "बे..." ते म्हणाले. मग मोठा श्वास घेतला. "बे... चो..." आणि पुढचं हातानंच दाखवू लागले.

शाल्मली डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मास्क ओढून काढला आणि डॉक्टरीणबाईंपुढे धरला.

"आधी... आबांना लावा. मी आठपर्यंत तरी... गेले होते."