दोनशे चौदाव्या पानानंतर

“गोठ्यातला तो मुका मी तीनदा वाचला,” ट्वायला म्हणाली. “चष्मा पुसून पुसून!”

वाचनालयाच्या तळघरात हशा पिकला. ट्वायला ऐंशीला टेकली होती आणि गुरुवारच्या पुस्तकमंडळात असलं बोलायची मुभा फक्त तिलाच होती.

कॉफीची किटली घेऊन उभी असलेली आर्डिसही हसली. या वेळचं पुस्तक सगळ्याजणींना आवडलं होतं. लहानसं गाव, बायको वारलेला तरुण सुतार, त्याची सात वर्षांची मुलगी आणि शहरातून आलेली गुरांची डॉक्टर. सुरुवातीला भांडण, शेवटी लग्न. आर्डिसला मात्र ते एका दमात वाचता आलं नव्हतं. तिची लेक लिन जाऊन तीन वर्षं झाली होती. जावई कर्ट धान्याच्या कोठारावर कामाला होता. नात हेडी शाळा सुटली की रोज आर्डिसकडे यायची आणि सहाच्या सुमारास कर्ट तिला घेऊन जायचा.

“चला, आता पुस्तकामागे छापलेले प्रश्न घेऊ या,” ग्रंथपाल ग्लेंडाने पुस्तक उलटं केलं. “चौथा प्रश्न. मुलीच्या आजीने आधी विरोध केला आणि मग आपल्या गेलेल्या लेकीची अंगठी स्वतःच्या हाताने आणून दिली. तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?”

 कोपऱ्यातून डेनाचा आवाज आला. दाताच्या दवाखान्यात नव्याने लागलेली ही मुलगी मंडळात दुसऱ्यांदाच आली होती.

“मला तर सगळ्यांत तीच आवडली. रडली, पण वाट नाही अडवली तिने. केवढं मोठं मन!”

“तिचं नाव काय?” आर्डिसने विचारलं.

“कुणाचं?”

“त्या आजीचं.”

पानं चाळली गेली. सुताराच्या कुत्र्याला नाव होतं, त्याच्या खटारा गाडीलाही होतं. आजी मात्र सगळीकडे ‘मुलीची आजी’च होती.

“गंमतच आहे,” ग्लेंडा पुटपुटली. “माझ्या लक्षातच नाही आलं.”

“आणि अंगठी देऊन झाल्यावर ती जाते कुठे?” आर्डिस म्हणाली. “दोनशे चौदाव्या पानावर दाराबाहेर पडते. पुढे लग्न आहे, नाताळ आहे, बाळसुद्धा होतं. ती कुठेच नाही.”

“अगं, गोष्ट तिची नाहीच ना!” ट्वायलाने वडीचा तुकडा तोंडात टाकला. “तरण्याताठ्या माणसाने काय जन्मभर थडग्यापाशी बसायचं? आपल्या कर्टचंच बघ. किती छान जमलं पोराचं. ऑगस्टमध्ये डेन्व्हरला राहायला गेले की मग…”

ती थांबली. चावायचीही थांबली.

कुणीही आर्डिसकडे बघेना. सगळ्या डेनाकडे बघत होत्या.

आर्डिसने किटली टेबलावर ठेवली. डेनाचा चेहरा लालबुंद झाला होता. तो पाहिल्यावर विचारण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तरी आर्डिसने विचारलं, “तू?”

“कर्ट रविवारी येऊन सांगणार होता तुम्हाला. आम्ही दोघंही येणार होतो.” डेनाने हातातलं पुस्तक घट्ट धरलं होतं. “मी त्याला कधीचं म्हणतेय, आधी आईंना सांग. तो रोज उद्यावर ढकलत होता.”

“हेडीला माहितेय?”

डेनाने मान डोलावली. मग म्हणाली, “ईस्टरपासून.”

म्हणजे सात आठवडे. सात आठवडे ती पोर रोज आर्डिसच्या स्वयंपाकघरात बसून दूध प्यायली, पाढे म्हणाली, सुट्टीत काय काय करायचं ते ऐकत मान डोलावत राहिली. बापाने बजावलं असणार. किंवा कुणी बजावलंही नसेल, आजीला वाईट वाटेल हे तिचं तिलाच कळलं असेल. आर्डिसला हे दुसरं जास्त लागलं.

आपण आता रडू, निदान उठून तरी जाऊ, असं तिला वाटलं. तसं काही झालं नाही. दोन कप रिकामे दिसले, तिने त्यांत कॉफी ओतली. ग्लेंडाने पाचवा प्रश्न काढलाच नाही. पुढच्या महिन्याचं पुस्तक रहस्यकथा आहे एवढं सांगून तिने मंडळ आवरतं घेतलं. ट्वायला जाताना आर्डिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “माझी जीभ झडो.” बाकीच्या जिना चढून गेल्या.

डेना तेवढी मागे राहिली. आर्डिस खुर्च्या आवरत होती. तीही आवरू लागली.

“तिथे खोली आहे तुमच्यासाठी,” डेना म्हणाली. “खरंच. कधीही या. हवं तितकं राहा.”

“बारा तासांचा रस्ता आहे, बाळ. मी गाडी चालवते ती गावापुरती.”

“आम्ही येऊ ना. नाताळात येऊ.”

“हं.”

शेवटची खुर्ची भिंतीशी लागली. आर्डिसने पदार्थांचा डबा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“एक सांगून ठेवते,” ती म्हणाली. “कर्टलासुद्धा माहीत नाही हे. हेडीला रात्री भीती वाटली ना, की ती तसं बोलत नाही. पाणी मागते. परत मागते. तिसऱ्यांदा मागितलं की समजायचं, तिला पाणी नकोय. उठून जवळ बसायचं. काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं.”

डेना तिच्याकडे बघत राहिली. खोटं बोलावं की खरं, ते तिला ठरवता येईना.

“माहितेय मला,” अखेर ती हळूच म्हणाली. “मी जाऊन बसते. आता ती एकदाच मागते.”